निळा म्हणून मागवला, गुलाबी निघाला: हायड्रेंजियाचा तीन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आधी कबुली देऊन टाकते. याच रोपाला मी तीन वर्षांपूर्वी एक स्टार दिला होता आणि वर "सरळ सरळ फसवणूक!!" असं ठोकून दिलं होतं, दोन उद्गारचिन्हांसकट. ते आज काढलं आणि हे लिहायला बसले, कारण तेव्हा मला या झाडातलं ओ की ठो कळत नव्हतं, राग मात्र भरपूर होता. आत्ताचा हिशोब असा: रोपाला चार स्टार, सोबत मागवलेल्या निळं करायच्या पावडरीला तीन, मातीचा आंबटपणा मोजणाऱ्या पीएच मीटर नावाच्या खेळण्याला एक, तोही खोका छान होता म्हणून, आणि रोपाबरोबर आलेल्या माहितीच्या कागदाला भोपळा. विक्रेत्याचं नाव घालत नाहीये, कारण ऑनलाइन रोपं विकणाऱ्या बऱ्याच जणांकडे तोच फोटो आणि तोच मजकूर फिरतोय, एकालाच झोडपण्यात अर्थ नाही.

तर झालं असं की फोटोत होते गडद निळे, फुटबॉलएवढे गोल गुच्छ, आणि खाली लिहिलेलं "हायड्रेंजिया, रंग निळा, वर्षभर फुलं, कमी देखभाल". या चारातलं हायड्रेंजिया तेवढं खरं निघालं. पॅकिंग तसं बरं होतं, मुळांभोवती ओलं कोकोपीट, वर प्लास्टिक, त्यावर कागद, पण दोन फांद्यांपैकी एक बुडाशीच मोडलेली आणि दुसरीच्या टोकाला एक अर्धवट गुच्छ, हिरवट पांढरा. म्हटलं व्हायचाय अजून निळा. रोज सकाळी तोंडात ब्रश घेऊन जाऊन बघायचे. दहा-बारा दिवसांनी रंग भरायला लागला आणि तो होता गुलाबी, हलका वगैरे नाही हां, चांगला बबलगमसारखा. कस्टमर केअरला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, पुढच्या सीझनला निळं येईल, माती चेंज करा." मला वाटलं टोलवतोय. फोन ठेवला आणि तो एक स्टार देऊन मोकळी झाले.

त्या मुलाची मी मनातल्या मनात माफी मागितलीये, अर्धं तरी तो बरोबर बोलत होता.

हायड्रेंजियात गुलाबी रंगाचा एक आणि निळ्या रंगाचा दुसरा असे दोन वेगळे रंग नसतातच. रंगद्रव्य एकच, डेल्फिनिडिन जातीचं. त्याला फुलाच्या पेशीत अ‍ॅल्युमिनियम भेटलं की निळं दिसतं, नाही भेटलं की गुलाबी. आता अ‍ॅल्युमिनियम मातीत जवळपास सगळीकडे असतं, त्याची काही टंचाई नाही, पण ते मुळांना उचलता येईल अशा रूपात फक्त आंबट म्हणजे आम्लधर्मी मातीत असतं. पीएच हे त्या आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकी माती आंबट. मातीचा पीएच ५.५ च्या खाली असला की ते विरघळतं, मुळांवाटे वर चढतं आणि फूल निळं होतं, साडेसहाच्या वर गेला की ते मातीतच अडकून पडतं आणि फूल गुलाबी, आणि मधल्या पट्ट्यात जांभळ्याचे नाना प्रकार, कधी एकाच गुच्छात दोन्ही. शाळेत लिटमस पेपरचा प्रयोग केलेला आठवत असेल, आम्लात निळ्याचा लाल व्हायचा. इथे नेमकं उलटं. म्हणजे लिस्टिंगमध्ये "रंग निळा" लिहिणं हे "हा शर्ट धुतल्यावर कोरडा असतो" म्हणण्यासारखं आहे, वाळत कुठे घालताय त्यावर आहे ना ते.

दोन गोष्टी मात्र जातीवर असतात. एक म्हणजे रंगाचा गडदपणा, फिक्या जातीला कितीही पाजा, ती फिकी निळीच होणार, गडद लाल जाती तर बऱ्याचदा जांभळ्यापर्यंत जाऊनच थांबतात. आणि पांढऱ्या जाती पांढऱ्याच राहतात, त्यांच्यात निळं व्हायला लागणारं रंगद्रव्यच नाही, फार तर म्हातारपणी गुलाबी किंवा हिरवट झाक येते. त्यामुळे पांढऱ्या हायड्रेंजियासोबत जर कोणी निळं करायची पावडर कॉम्बोमध्ये विकत असेल तर तिथे माझा तो जुना दोन उद्गारचिन्हांचा रिव्ह्यू खुशाल कॉपी करून टाका.

आता पावडर. पाकिटावर नाव भारी होतं, आत अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. पांढरे खडे-भुकटी, वास नाही, ओल्या हाताला चिकटते. आपली तुरटी असते ना, तिची ही सख्खी चुलत बहीण. काम दुहेरी करते, माती आंबट पण करते आणि अ‍ॅल्युमिनियम पण आणून देते, म्हणून नुसत्या गंधकापेक्षा लवकर रिझल्ट दिसतो. गंधकाचं आधी मातीतले जिवाणू आम्ल करणार, मग पीएच उतरणार, त्यात महिने जातात. पण पाकिटावरच्या सूचना वाचून मी कपाळावर हात मारला, म्हणजे आत्ता मारला, तेव्हा गुपचूप पाळल्या. "दोन ते तीन चमचे, दर आठवड्याला, झाडाभोवती टाका". कोणते चमचे, कुंडी केवढी, सुकी टाकायची की पाण्यात, काही नाही. मी टाकले तीन मोठे चमचे सुकेच, बारा इंची कुंडीत, आणि वरून झारीने पाणी. तीन आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, जणू कोणी उदबत्ती लावत फिरलंय. मुळं भाजली होती. कुंडीतली माती असते मूठभर, तिथे जास्तीचं मीठ जायला जागाच नसते.

वाचलं कसंबसं. कुंडी बाथरूममध्ये नेऊन तासभर पाण्याने धुतली, म्हणजे वरून ओतायचं आणि खालून वाहू द्यायचं, परत ओतायचं. मग वाचून, चुकून, माकून जे जमलं ते असं की एक मोठा चमचा पावडर साधारण ४ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची, आधी साध्या पाण्याने माती भिजवायची, मग हे पाणी मातीत द्यायचं, पानांवर उडू द्यायचं नाही, आणि वाढीच्या दिवसांत मोजक्या वेळा, दर आठवड्याला तर मुळीच नाही. कोवळ्या, नुकत्या लावलेल्या रोपाला द्यायचीच नाही, दोन वर्षं तरी त्याला मुळं धरू द्यायची. हे पाकिटावर लिहिलं असतं तर तीनचे साडेचार स्टार दिले असते, पावडर स्वतः काही वाईट नाहीये.

पुढचा खोडा मी स्वतः घातला होता. निळं व्हावं म्हणून पावडर आणि फुलं भरपूर यावीत म्हणून डीएपी खत, असं दोन्ही एकदम चाललं होतं. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. डीएपीत स्फुरद म्हणजे फॉस्फरस ढीगभर, आणि स्फुरद अ‍ॅल्युमिनियमला मातीतच पकडून बसतं, मग ते मुळांना मिळेल कुठून. निळा रंग हवा असेल तर खतात स्फुरद कमी आणि पालाश म्हणजे पोटॅश बरं असलेलं बघायचं, खताच्या पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाशचे तीन आकडे असतात (एनपीके), त्यातला मधला लहान हवा एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि पाणी! नळाचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीवर पांढरे डाग पडत असतील, तर त्यात चुना असतो आणि तो हळूहळू मातीचा पीएच वर ढकलत राहतो, तुम्ही वर पावडर टाकताय आणि झारी ती खोडतेय. मी आता पावसाचं पाणी पिंपात साठवते ते फक्त यांच्यासाठी, घरात सगळे चिडवतात.

घरातल्यांवरून आठवलं, बाबांनी मध्येच एक दिवस कुंडीत सहा गंजके खिळे पुरले होते. मला सांगितलंच नाही, खुरप्याला खट् लागलं तेव्हा कळलं.

"बाबा, हे काय?"

"अगं, लोखंडाने निळं होतं. माझ्या लहानपणी सगळे असंच करायचे."

"व्हायचं का पण निळं?"

"ते आता आठवत नाही, पण खिळे घालायचे हे नक्की."

लोखंडाचा निळ्या रंगाशी संबंध नाही, बाबा. फार तर पानं हिरवी राहायला कणभर हातभार. तीच गत कॉफीच्या चोथ्याची, शेजारच्या काकू मला डबे भरभरून आणून द्यायच्या, पण एकदा कॉफी उकळून घेतली की चोथ्यात आंबटपणा फारसा उरतच नाही. कंपोस्टमध्ये टाकायला चोथा उत्तम, रंगासाठी त्याच्या भरवशावर बसू नका. काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.

पीएच मीटरचं एका परिच्छेदात उरकते. दोन दांड्यांचं, बॅटरी न लागणारं, मातीत खुपसायचं. ओल्या मातीत ७, कोरड्या मातीत ७, कुंडीत ७, गादीवाफ्यात ७. शेवटी व्हिनेगरमध्ये बुडवलं, तिथेही काटा सहाच्या खाली यायला तयार नाही. घेऊ नका. मातीचा नमुना तपासून घेता आला तर उत्तम, नाहीतर मातीत डिस्टिल्ड पाणी कालवून, गाळून साध्या पीएच पट्ट्या बुडवल्या तरी यापेक्षा खरं कळतं.

दुसरं वर्ष माझ्या मूर्खपणाचं. "वर्षभर फुलं" वाचलेलं डोक्यात, आणि थंडीत बघते तर पानं पिवळी पडून गळायला लागली, महिन्याभरात नुसत्या काड्या. मला वाटलं गेलं. आई म्हणाली, "थांब जरा, काडी नखाने खरवडून बघ, आत हिरवं असेल तर जिवंत आहे." खरवडलं, हिरवं होतं. मग मला वाटलं आता छाटणी करायला हवी, गुलाबाची करतो तशी, आणि मी कात्री घेऊन सगळ्या काड्या जमिनीपासून वीतभर ठेवून साफ केल्या. इतकं नीटनेटकं दिसत होतं की फोटो काढून ताईला पाठवला.

पुढे पानं आली, सुंदर, हाताच्या पंजाएवढी, रसरशीत, झाड कमरेएवढं झालं, आणि फूल एक नाही. अख्खं वर्ष एकही नाही. कारण हायड्रेंजिया मॅक्रोफिला, म्हणजे हा मोठ्या पानांचा, गोल गुच्छांचा प्रकार, पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार करतो. थंडी सुरू होण्याआधी, दिवस लहान आणि रात्री गार व्हायला लागल्या की जुन्या फांदीच्या शेंड्यात त्या बांधल्या जातात आणि थंडीभर त्या तपकिरी काडीच्या टोकाला झोपून असतात. नीट बघितलं तर कळतं, शेंड्याचा डोळा बाजूच्या डोळ्यांपेक्षा जाड, टपोरा असतो, काडेपेटीच्या काडीच्या गुलासारखा. मी ते सगळे गूल एका सकाळी कापून कचऱ्यात टाकले होते. आता फक्त फूल संपल्या संपल्या त्या गुच्छाखालच्या पहिल्या जाड डोळ्याच्या जोडीवर कापते, आणि अगदी जुनी, वाळकी, बारीक काडी असेल तर बुडातून. बाकी कात्री बंद. जिथे थंडी कडक असते तिथे लोक सुकलेले गुच्छ तसेच ठेवतात, खालच्या कळ्यांवर तेवढीच टोपी.

सगळ्या हायड्रेंजियांना हा नियम लागू नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. पॅनिक्युलाटा, ज्याचे गुच्छ शंकूसारखे निमुळते असतात, आणि अर्बोरेसेन्स, ज्यातली अ‍ॅनाबेल नावाची पांढरी जात प्रसिद्ध आहे, हे दोघं नव्या फुटव्यावर फुलतात, त्यांना थंडीत कापलं तरी चालतं. मॅक्रोफिलातसुद्धा जुन्या आणि नव्या दोन्ही फांद्यांवर फुलणाऱ्या जाती आहेत, २००४ मध्ये बाजारात आलेली एंडलेस समर ही त्यातली सगळ्यात गाजलेली. थोडक्यात, रोप घेताना "रंग कोणता" विचारण्याआधी "प्रकार कोणता" विचारा. माझ्या कागदावर प्रकार लिहिलेलाच नव्हता, नुसतं "हायड्रेंजिया, बारमाही". बारमाही आणि बारा महिने फुलणारं यात फरक आहे हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसावं.

"कमी देखभाल" वर पण बोलते. याला पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. नावातलं हायड्रो म्हणजे पाणी हे खरंय, पण ग्रीकमध्ये नावाचा अर्थ पाण्याचं भांडं असा होतो आणि ते आलंय बियांच्या बोंडाच्या आकारावरून, बारीक घागरीसारखं असतं ते. तहानेशी संबंध योगायोगाचा, पण शोभतो मात्र. दुपारच्या उन्हात हे झाड असं काही मान टाकतं की बघणाऱ्याला भरून यावं, पानं खाली लोंबतात, गुच्छ जमिनीकडे बघतात, शुद्ध नाटक. माझा नवरा पहिल्या वर्षी दर वेळी घाबरून झारी घेऊन धावायचा आणि मला ऑफिसात फोन, "अगं, तुझं झाड गेलं बहुतेक." मोठ्या पानांतून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत, एवढंच असतं ते, माती ओली असेल तर संध्याकाळी आपोआप उभं राहतं. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओलं लागलं तर निघून जा, कोरडं लागलं तर द्या. सकाळी मान टाकलेली दिसली तर मात्र खरंच तहान आहे, किंवा मुळं कुजलीत. आम्ही ओल्यात ओतून ओतून एकदा बुडाशी काळं पडायची वेळ आणली होती. सकाळचं ऊन, दुपारची सावली, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर आणि खाली मोकळा निचरा, एवढं जमलं की निम्मं काम झालं.

आणि हे कागदावर ठळक असायला हवं होतं: पानं, कळ्या विषारी असतात, कुत्रा-मांजर किंवा लहान मूल चघळत असेल तर जपा.

बरं, आता चार स्टार कशाचे ते सांगते, नाहीतर वाटेल नुसती तक्रारच करतेय.

तिसऱ्या वर्षी सात गुच्छ आले. पहिला उमलायला लागला तेव्हा मी खाली मांडी ठोकून बसले आणि भिंग घेऊन बघितलं, कारण तोपर्यंत कळलं होतं की आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच. शाळेत निदलपुंज वगैरे पाठ केला होता ना, त्या निदल आहेत या, फुगून, रंगून बसलेल्या. चार-चारच्या जोडणीत. आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा निळा मणी असतो, ते खरं फूल. एक दिवस तो मणी उघडतो, त्यातून दोऱ्याएवढे पुंकेसर बाहेर येतात आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या चिमुकल्या पाकळ्या गळून खालच्या पानावर साखरेच्या दाण्यांसारख्या पडलेल्या असतात. वरचा निळा गुच्छ आपला आहे तसाच. लोक येतात, गुच्छाचा फोटो काढतात आणि जातात, फूल कोणी बघितलेलंच नसतं.

रंगाचं तर काय सांगू. निदल आधी हिरवी, मग कडेने पांढुरकी, मग शिरांमधून निळं उतरायला लागतं, शाई टिपकागदावर पसरते तसं, आधी शीर, मग शिरेच्या दोन्ही बाजू, सगळ्यात शेवटी कड. पहिल्या गुच्छात तीन-चार निदलांवर अजून गुलाबी ठिपके होते, बाकी निळं. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं, तो म्हणाला, "छान आहे, पण फोटोसारखं गडद नाहीये." बरोबर आहे त्याचं, फोटोसारखं गडद नाहीये. फोटोतलं मला आता प्लास्टिकचं वाटतं. एक सांगून ठेवते, उमललेल्या गुलाबी गुच्छाला पावडर पाजून रातोरात निळा करायला बघू नका, जे रंगून झालं ते झालं, फरक पुढच्या बहरात दिसतो, आणि पूर्ण बदलायला एकाहून जास्त सीझनही लागतात.

गोल गुच्छाला इंग्रजीत मॉपहेड म्हणतात, म्हणजे चक्क पोछ्याचं डोकं. दुसरा प्रकार लेसकॅप, मध्ये खऱ्या फुलांची चपटी बारीक चकती आणि भोवती मोजकीच मोठी निदल, झालरीसारखी. मला आता लेसकॅप जास्त आवडतो, मधमाश्यांनाही, कारण खायला तिथेच मिळतं. मूळ जपानचं झाड हे. १८२३ मध्ये सीबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर जपानात गेला, तिथे कुसुमोतो ताकी या बाईबरोबर त्याचा संसार झाला, पुढे १८२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं आणि तिला मागे राहावं लागलं. परत गेल्यावर त्याने एका हायड्रेंजियाला नाव दिलं ओटाक्सा, ओ-ताकी-सान वरून, म्हणजे आपल्याकडच्या ताकीबाईसारखं. स्वतंत्र प्रजाती म्हणून ते नाव टिकलं नाही, पण त्या नावाची जात अजून लोक लावतात. हे वाचल्यापासून मला तो गोल गुच्छ जरा कमी बटबटीत वाटायला लागलाय, काय करणार.

तोडून घरात ठेवायचे तर सकाळी लवकर तोडा आणि लगेच पाण्यात. माना टाकल्या तर देठाचं टोक परत तिरकं कापून अख्खा गुच्छ डोक्यासकट पाण्यात बुडवून ठेवा अर्धा-पाऊण तास, हे फूल निदलांतूनही पाणी पितं, बाहेर काढलं की ताठ. हे मला खोटं वाटलं होतं, करून बघितलं, झालं. सुकवायचे असतील तर घाई नको, ताजे तोडले तर चिंध्या होतात, झाडावरच निदल कागदासारखी खडखडीत लागायला लागली की तोडायचे आणि बोटभर पाण्यात उभे करून ते पाणी आपसूक आटू द्यायचं. माझे दोन आठ महिने झाले कपाटावर आहेत, निळ्याचे आता करडे-हिरवे झालेत, एका कडेला वाइनसारखी छटा. धूळ बसते फक्त.

शेवटी त्या एक स्टारवाल्या "फसवणुकी"चा निकाल. मागच्या वर्षी मी फूल नसलेल्या फांद्यांचे वीतभर लांबीचे तुकडे पेराच्या खाली कापून, खालची पानं काढून, वरची अर्धी कापून, ओल्या कोकोपीटमध्ये खोचले होते. महिन्याभरात पाचातल्या चारांना मुळं फुटली. एक ताईला दिलं. तिने ते अंगणात लावलं, विसरून गेली, ना पावडर ना पिंपाचं पाणी, आणि यंदा तिचा फोन.

"अगं, तू निळं म्हणून दिलंस आणि हे गुलाबी आलंय की."

मी हसतेय आणि ती चिडतेय. माझ्याच झाडाची फांदी, तोच जीव, तिच्या मातीत बबलगम. तिला पावडर पाठवू का विचारलं, डोस लिहून देते म्हटलं.

"नको बाई. मला गुलाबीच आवडतंय. तू ते निळं निळं काय घेऊन बसलीस."

दुसरं कलम मी आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीत लावलंय. त्याला यंदा तीन गुच्छ आहेत, बागेकडच्या बाजूचे दोन निळे आणि भिंतीकडचा एक जांभळट गुलाबी. सिमेंटमधला चुना पावसाबरोबर उतरून त्या बाजूच्या मातीत मुरत असणार. पावडर अर्धं पाकीट उरलीये, त्या बाजूला घालणार नाहीये. फोटो जोडलाय, डावीकडचा तो भिंतीकडचा.

आणि पाचवा स्टार कुठे गेला विचाराल तर ती मोडलेली फांदी. पॅकिंगमध्ये एक बांबूची काडी बांधली असती तर मोडली नसती.